एक, दोन, चिन

दर मंगळवारी दुपारी साडेचारला माझ्याकडे, जपानमधल्या एका खासगी इंग्रजी शाळेत, चार मुलं यायची. तीन मुलगे, एक मुलगी. सगळी पाच-सहा वर्षांची, बालवाडीच्या शेवटच्या वर्गातली. आली की दाराशी बूट काढायची, ते परतताना सोपं जावं म्हणून चवडे दाराकडे करून नीट लावायची, आणि मग मोजे घसरवत निळ्या गालिच्यावर येऊन बसायची. खेळ ठरलेला. प्राण्यांची चित्रं असलेली कार्डं मी वाटायची, प्रत्येकाला एक, आणि मग इंग्रजीत प्रश्नोत्तरं. वाटण्याआधी कार्डं मोजून घ्यायची मला सवय. तोंडातल्या तोंडात, आपण मोजतोय हे आपल्यालाही कळू नये इतक्या हळू आवाजात: एक, दोन, तीन, चार.

२०१६चा जून होता. तिकडचा पावसाळा म्हणजे आपल्यासारखा कोसळणारा नव्हे, दिवसभर नळ नीट बंद न केल्यासारखा ठिबकणारा. छत्र्यांच्या स्टँडमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकच्या सारख्याच दिसणाऱ्या छत्र्या, लिफ्टमधून वर येणारा खालच्या याकितोरीच्या, म्हणजे भाजलेल्या चिकनच्या, दुकानाचा कोळशाचा वास. वर्ग संपला, तिघं मुलगे गेले, आणि त्या मुलीची आई काउंटरपाशी घुटमळली. फार अदबीने, एक वाक्य बोलायला चार वाक्यांची प्रस्तावना करत म्हणाली, सेन्सेई, म्हणजे बाई, रागावू नका, पण मुलगी घरी आकडे म्हणून दाखवते. एकु, दोन, चिन, चा. सेन्सेई रोज असंच म्हणतात, म्हणते. आम्हा दोघांनाही इंग्रजी येत नाही हो, म्हणून विचारते. हे इंग्रजीच ना?

मुलगी आईचा हात धरून माझ्याकडे बघत होती. डोक्यावर बालवाडीची पिवळी टोपी, हनुवटीखाली तिचं इलॅस्टिक. तिने ते पाठ कसं केलं असेल हे मला तिथल्या तिथे कळलं. ‘दोन’ म्हणजे भाताचा वाडगा, वर काहीतरी घातलेला. ‘चिन’ म्हणजे मायक्रोवेव्ह थांबल्याचा आवाज. जपानीत त्याचं चक्क क्रियापद आहे, ‘चिन करून खा’ म्हणतात. आणि ‘चा’ म्हणजे चहा. पहिल्या ‘एकु’चं काय केलं होतं देव जाणे, पण पुढे वाडगा, गरम करणं, वर चहा, असं सबंध जेवणच लावून ठेवलं होतं पोरीने माझ्या आकड्यांचं.

काउंटरमागे मॅनेजरबाई पेन हातात धरून थांबल्या होत्या. मी कमरेतून वाकले आणि म्हणाले, “सुमिमासेन. माचिगाइ देशिता.” माफ करा, चूक होती.

चूक होती, म्हणाले. मराठी होतं, असं नाही म्हणाले.

आता पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य मधूनच वर येतं. तसं बघितलं तर त्यात खोटं काही नव्हतं. इंग्रजीच्या वर्गात मराठी आकडे म्हणजे चूकच. आईने फीचे पैसे ‘वन टू थ्री’साठी मोजले होते. पण ‘चूक’ हा शब्द मी उत्तरपत्रिकेवर लाल पेनाने लिहितात तसा वापरला, आणि वापरला कशासाठी, तर माझ्या आजीने तव्यावरच्या भाकऱ्या मोजायला वापरलेल्या शब्दांसाठी.

मी इंग्रजी शिकवायला जपानला गेले नव्हते. २०१४ साली नवऱ्याची कंपनीने तिकडे रवानगी केली आणि आम्ही निशि-कासाइला राहायला गेलो. तोक्योत नवा येणारा आयटीवाला भारतीय बहुतेक तिथेच उतरतो. २००० सालच्या त्या वायटूकेच्या, म्हणजे संगणकातल्या तारखांच्या गोंधळाच्या, कामासाठी आलेल्या लोकांनी ती वाट पाडून दिली आहे. तूरडाळ, मोहरी, हिंग सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. माझा व्हिसा अवलंबिताचा, म्हणजे नवऱ्याच्या नावावर राहायचं. वेगळी परवानगी काढली तर आठवड्याला २८ तास काम करता येतं. लग्नाआधी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये हौसेने जपानी शिकले होते, ते कुठेतरी लागेल असं वाटलं होतं. लागलं नाही. माझ्या जपानीची कोणालाच गरज नव्हती. माझ्या इंग्रजीला मात्र, जिच्याबद्दल मला आयुष्यभर धाकधूक वाटत आली, तिला गिऱ्हाईक होतं.

आईला फोनवर सांगितलं तर ती आधी हसली. “अगं, तू? तिकडच्यांना इंग्रजी?” बाबा मागून म्हणाले, “तिचा ‘डब्ल्यू’ सुधारला का विचार.” माझं शिक्षण कराडजवळच्या गावात, मराठी शाळेत. एबीसीडी १९९३ साली, पाचवीत, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे. आमच्या सरांना विचारलं होतं, की सर, ‘द’ कधी लावायचा? सर म्हणाले, “जीभ मागेल तेव्हा.” सरांची स्वतःची जीभ मात्र कधी काही मागत नसे. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोघांना आमच्याकडे एकच ‘व’. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांत फरक असतो हे मला कॉलेजात कळलं आणि तो फरक ओठांना कळायला त्यानंतर आणखी दहा वर्षं गेली. जपानी माणसाला र आणि ल सापडत नाहीत म्हणून जग हसतं. मला कधी हसू आलं नाही. ज्याच्या स्वतःच्या छपरात भोक आहे, तो शेजाऱ्याच्या गळतीला हसत नाही.

खासगी इंग्रजी शाळेला तिकडे एइकाइवा म्हणतात. शब्दाचा अर्थ नुसता ‘इंग्रजी संभाषण’. रेल्वे स्टेशनाबाहेर पडलं की समोरच्या इमारतीत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर एक तरी असते, दातांचा दवाखाना आणि झोपडीसारखं दार असलेल्या पिठल्याभाताच्या, म्हणजे त्यांच्या सोबा-उदोन नूडल्सच्या, दुकानाच्या मधोमध. आमची तशीच. तोझाई लाइनने पूर्वेकडे निघायचं, जुनी एदो नदी ओलांडली की तोक्यो संपून चिबा सुरू होतं, तिथून थोडं पुढे. गाडी उंच पुलावरून जाते, त्यामुळे घरांच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या गाद्या दिसतात. पगार तासावर, खरं तर ‘कोमा’वर, म्हणजे चाळीस मिनिटांच्या तासिकेवर. विद्यार्थी आला नाही तर ती तासिका बुडाली, त्याचे पैसे नाहीत; कार्डं कापणं, लॅमिनेट करणं, पालकांसाठी प्रगतीच्या चिठ्ठ्या लिहिणं हे सगळं फुकट. मात्र रेल्वेचं भाडं येनला येन हातात मिळायचं, पाकिटात, पावतीसकट. हे मला कधी कळलं नाही, की माझ्या दोन तासांची किंमत नाही आणि १७० येनच्या तिकिटाची एवढी काळजी.

धंदाच तो, दुसरं काय. २००७च्या ऑक्टोबरमध्ये ‘नोवा’ ही तिथली सगळ्यात मोठी साखळी बुडाली आणि हजारो परदेशी शिक्षक एका रात्रीत रस्त्यावर आले. माझ्या वेळी त्याला सात-आठ वर्षं होऊन गेली होती, तरी मोठ्या वयाचे विद्यार्थी एकदम वर्षाची फी भरायला कचरायचे, आणि आम्हाला दर महिन्याच्या शेवटी ‘ताइकेन’ची, म्हणजे फुकट चाचणी-तासाची, मोहीम असायची. चाचणी-तास ही शिकवण्याची गोष्ट नव्हेच. ते कांदेपोहे. समोरची बाई तुमच्या उच्चारांकडे कमी आणि तुमच्याकडे जास्त बघते.

बाहेरच्या फलकावर फोटो होता माझ्या सहकाऱ्याचा. कॅनडाचा तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, सोनेरी केस, स्वभावाने अतिशय गोड, एक वर्ष मजा करायला आलेला. पगार माझ्यापेक्षा जास्त. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण तो दर आठवड्याला माझ्याकडे गुपचूप यायचा. विद्यार्थी विचारतात ‘आय हॅव गॉन’ आणि ‘आय वेंट’ यात काय फरक, मी काय सांगू? त्याला फरक माहीत होता, पण कारण माहीत नव्हतं. मला कारण पाठ होतं, पाचवीपासून, सरांच्या आवाजासकट. टोइक या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारे नोकरदार लोकही व्याकरणाच्या तासाला माझं नाव सांगायचे आणि गप्पांच्या तासाला त्याचं. त्याच्यासारखं बोलायचं होतं, पण पेपर माझ्यासारखा लिहायचा होता त्यांना.

शुक्रवारी रात्री आठला एक निवृत्त गृहस्थ यायचे. चाळीस वर्षं हिशेबखात्यात काढलेले. पेन्सिलीला टोक करून आणायचे आणि वही उघडल्यावर आधी तारीख लिहायचे. एकदा धड्यात लोकसंख्या आली. त्यांनी जपानची सांगायला सुरुवात केली आणि अडले. बारा कोटी सत्तर लाख हा आकडा त्यांच्या डोक्यात जपानीत तयार होता: एक ‘ओकु’, दोन हजार सातशे ‘मान’. मान म्हणजे दहा हजार. त्यांची मोजणी चार-चार शून्यांनी पुढे सरकते, इंग्रजीची तीन-तीनने. ते कपाळाला आठ्या घालून फळ्यावर शून्यं मांडत होते, मागून तीन-तीनने स्वल्पविराम देत होते, पुन्हा पुसत होते. मी खडूचा, म्हणजे मार्करचा, दुसरा रंग घेतला आणि त्यांच्या ओळीखाली तोच आकडा आमच्या पद्धतीने लिहिला, आधी तीन आणि मग दोन-दोनने तोडत. म्हटलं, आमच्याकडे हजारानंतर लाख, मग कोटी. तुमचे दहा मान म्हणजे आमचा एक लाख. तुमचा एक ओकु म्हणजे आमचे दहा कोटी. ते मागे सरकून फळ्याकडे बघत राहिले. एका खाली एक तीन ओळी, तेवढीच शून्यं, तीन तऱ्हांनी तुटलेली. मग इंग्रजीच्या ओळीवर पेन्सिल ठेवून, एकेक शब्द तोलत म्हणाले, “टीचर. धिस वन… इज नॉट काइंड.” ही काही दयाळू नाही. आम्ही दोघंही इतके हसलो की मॅनेजरबाई दारातून डोकावल्या. त्या तासाला ‘हंड्रेड ट्वेंटी-सेव्हन मिलियन’ त्यांच्या तोंडी बसलं की नाही आठवत नाही. ‘लाख’ मात्र त्यांनी वहीत काताकाना लिपीत लिहून घेतला, आणि त्याच्या शेजारी, आमच्या भाषेचं नाव विचारून, तेही.

म्हणजे शुक्रवारी मी हे सहज सांगू शकले. मंगळवारी नाही. का, याचा विचार मी गाडीत बऱ्याचदा केला आहे. शुक्रवारी मी फळ्यापाशी उभी होते, शिकवत होते, भाषेच्या गमती सांगणारी शिक्षिका होते. मंगळवारी मी पकडले गेले होते. एखाद्याचा खिसा उलटा करावा आणि आतून घरची किल्ली खाली पडावी, तसं. माणूस परक्या भाषेत बोलतो, वाचतो, हुज्जत घालतो, स्वप्नंसुद्धा पाहतो म्हणे. पण मोजायची वेळ आली की बहुतेकांची गाडी जुन्याच रुळावर येते. बँकेत नोटा मोजणारी माझी इंग्रजी माध्यमातली मैत्रीणही ओठ हलवते ते मराठीत.

पुढच्या मंगळवारी मी कार्डं मोठ्याने मोजली. वन, टू, थ्री, फोर. मुलगे आपापल्या उद्योगात होते. मुलीने मान तिरकी करून ऐकलं आणि मग जपानीत विचारलं, “ज्या, आरे वा दोको नो?” मग ते कुठलं होतं?

वर्गात जपानी बोलायचं नाही, हा नियम. शिक्षकाला जपानी येतं हेसुद्धा मुलांना कळता कामा नये, नाहीतर ती इंग्रजीचा प्रयत्न करत नाहीत. नियमामागे अक्कल होती, अजूनही मला तो पटतो. मी हसून म्हणाले, “इंग्लिश, प्लीज.” आता सहा वर्षांची पोर, तिच्याकडे इंग्रजीतले प्राणी आणि रंग, ‘कुठलं’ हा शब्द तिने आणायचा कुठून? ती गप्प बसली. मी तिला पिवळ्या जिराफाचं कार्ड दिलं.

त्यानंतर मी आवाज न करता मोजायला शिकले. बोटांच्या पेरांवर, अंगठा करंगळीपासून वर सरकवत, आजी जप करायची तसं. जपानी माणसं तळहात उघडा धरून एकेक बोट आत मुडपतात. पेरं मोजलेली त्यांनी पाहिलेली नसतात. एक दिवस त्या मुलीचा अंगठा करंगळीवर वरखाली होताना दिसला. बोट खाजवत असेल. मला विचारता आलं नाही, वर्ग चालू होता.

ऑक्टोबरात हॅलोविन आलं. एइकाइवात हा दिवाळीसारखा सण, कारण त्या दिवशी पालक वर्गात येऊन बसतात आणि शेजारपाजारच्यांना घेऊन येतात. कॅनडाचा मुलगा समुद्री चाचा झाला. मॅनेजरबाईंनी मला सुचवलं, साडी नेसाल का, फार कावाइ, म्हणजे गोंडस, दिसेल. चेटकिणींच्या टोप्या, कागदी वटवाघळं आणि सांगाडे यांच्यामध्ये मी आईच्या इरकलीत उभी राहिले. एकाने विचारलं, तू कोणतं भूत आहेस? दुसरा मुद्दा बाईंनी ऐन वेळी काढला. तिकडे शाळेत पाढे नवापर्यंतच, त्यांना ‘कुकु’ म्हणतात, आणि भारतीयांना १९ गुणिले १९ पर्यंत येतात यावर साऱ्या देशाचा विश्वास. दहा वर्षांपूर्वी ‘इंदो-शिकी’, म्हणजे भारतीय पद्धतीच्या, हिशेबाच्या पुस्तकांची तिथे लाटच आली होती. तर पालकांना जरा म्हणून दाखवा ना. इंग्रजीत म्हणू का, विचारलं. छे, छे, तुमच्या भाषेत. वातावरणनिर्मिती होईल.

जून ते ऑक्टोबर. चार महिन्यांत माझे आकडे चुकीवरून वातावरणापर्यंत आले होते.

मी सत्तावीसचा म्हटला. तो मला कायम आवडत आलाय, त्याला चाल आहे. सत्तावीस एके सत्तावीस, सत्तावीस दुणे चोपन्न, सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी, सत्तावीस चोक अठोदरसे. खोलीत लोकांनी ‘ओऽऽ’ केलं, जसं उंच उडीला करतात. ‘एके’ म्हटल्याबरोबर पहिल्या रांगेतल्या चेटकिणीच्या टोपीखालून त्या मुलीने मान वर केली. आईच्या बाहीला हिसका दिला. आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बराच वेळ नजर काढली नाही. तिला समजलं होतं. ती हसली नाही, रागावली तर मुळीच नाही. मान जराशी खाली केली, जितकी वाण्याला सुटे पैसे परत देताना करतात तितकीच. कार्यक्रम संपल्यावर तिच्याशी बोलायचं असं मी ठरवलं होतं. पण माझ्याकडे कागदी पेल्यांत भोपळ्याचं सूप वाटायचं काम आलं, निऱ्या पायात येत होत्या, आणि हात मोकळे झाले तोवर दारातले बूट कमी झाले होते. एप्रिलमध्ये ती मुलगी पहिलीत गेली. मंगळवार तिला जमेना, तिने वर्ग बदलला आणि मग एइकाइवाच बदललं, असं ऐकलं.

आम्ही २०१८ला परत आलो. पुढच्याच जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’साठी ‘वीस सात’ छापलं आणि इथे केवढं रण माजलं. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्येभाऊ आणि मावशी आठवडाभर बोलत नव्हते. मी काही लिहिलं नाही. जपानी माणूस सत्तावीसला ‘दोन-दहा-सात’ म्हणतो आणि त्याची मुलं लवकर शिकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. एकोणतीस, एकोणचाळीस म्हणताना सातवीतली मुलंही ठेचकाळतात, तेही पाहिलेलं. पण कोणी मत विचारलं असतं तर मी सत्तावीसच्याच बाजूने हात वर केला असता, कारण न देता. जीभ मागते म्हणून.

काल रात्रीचा भात होता. त्यावर आमटी घालून वाडगा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. इथला मायक्रोवेव्ह ‘चिन’ करत नाही, तीनदा लांब शिट्टी मारतो, पण माझ्या तोंडून दर वेळी तेच येतं. एकु, दोन, चिन. आतून नवऱ्याने विचारलं, “काय म्हणालीस?” मी म्हटलं, “काही नाही, चहा टाकतेय.” आधण उकळेपर्यंत ओट्याशी उभी होते तेव्हा डोक्यात आलं, की त्या वर्गात मुलं चारच होती. कार्डं चारच वाटायची. पाच तिच्या कधी कानावरच पडलं नाही.